पेंटबॉल खेळताना ॲक्शन कॅमेरा कुठे लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, कॅमेरा लावू कुठे?

स्वतःचा मास्क असेल तर मास्कच्या वर, मधोमध, जितका खाली टेकवता येईल तितका. मास्क भाड्याचा असेल तर छातीच्या पट्ट्यावर. नुसता नेम आणि फुटणारी रंगाची गोळी दाखवायची असेल तर मार्करवर, म्हणजे गोळ्या मारायच्या बंदुकीवर, पण मग तेवढंच दिसेल. आणि दहा-बारा जणांत मिळून एकच कॅमेरा असेल तर तो कुणाच्याच अंगावर नको, जाळीच्या खांबाला बांधा. पुढची उत्तरं म्हणजे या चार ओळींची फोड.

मास्कवर कॅमेरा लावल्याने मास्क कमी सुरक्षित होतो का?

होऊ शकतो, म्हणूनच आधी हे वाचा. नेहमीची गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरची, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. मैदानावर तिचा वेग बहुधा सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवलेला असतो. ताशी सव्वातीनशे किलोमीटर म्हणा. मास्क डोळा वाचवतो तो दोन गोष्टींमुळे: काच (प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेट) शाबूत आहे आणि आतला फोम चेहऱ्याला सगळीकडून टेकलेला आहे. कॅमेरा यातली दुसरी गोष्ट बिघडवतो.

पूर्ण आकाराचा ॲक्शन कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढं वजन कपाळाच्या पुढे गेलं की पळताना मास्क नाकावर घसरतो आणि भुवईपाशी फट पडते. अंगठ्याएवढे छोटे कॅमेरे पस्तीस-चाळीस ग्रॅमचे असतात, त्यांच्यात ही अडचण जवळजवळ येत नाही. मास्कवरच लावायचं ठरलं असेल तर छोटा कॅमेरा घ्या. चित्रात थोडं कमी पडलं तरी चालेल.

तपासणी अशी करा. कॅमेरा लावून मास्क घाला, आरशासमोर मान खाली-वर आणि डावी-उजवीकडे दहा वेळा झटक्याने फिरवा, मग गुडघ्यावर बसून ओणवे व्हा. फोमखाली करंगळी शिरत असेल तर ती जागा बाद. पट्टा आवळून वेळ मारून नेऊ नका. फार आवळला की फ्रेम वाकते, फोम एका बाजूने उचलतो आणि वर डोकं दुखतं ते वेगळंच.

मास्कला भोक पाडून स्क्रूने बसवलं तर?

काचेला, काचेच्या फ्रेमला किंवा काच अडकवणाऱ्या खिट्ट्यांना कधीच भोक पाडू नका. भोकाच्या कडेला ताण साठतो आणि गोळी बसली की चीर तिथूनच सुरू होते. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ१७७६ हे मानक आहे. चाचणी होते ती मूळ मास्कची, तुम्ही ड्रिल मारलेल्या मास्कची नव्हे. फार तर उन्हासाठी पुढे आलेली वरची टोपी, तीही वेगळी निघणारी असेल, तर तिला भोक चालेल.

स्क्रू सुटू नये म्हणून पक्कं करायचं निळं-लाल द्रव मास्कच्या आसपास नेऊ नका. ते धातूसाठी असतं. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस प्लास्टिक त्याने तडकतं, आणि लगेच नाही, दोन दिवसांनी. त्याऐवजी रबरी वायसर किंवा आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा.

वर, डावीकडे की उजवीकडे?

उजव्या हाताने खेळणारा आडोशाच्या उजव्या बाजूने डोकावतो. तेव्हा डाव्या कानशिलावरचा कॅमेरा आडोशामागेच राहतो आणि व्हिडिओभर ड्रम नाहीतर टायर दिसतात. उजव्या कानशिलावर लावला तर चित्र छान येतं, पण आडोशाबाहेर सगळ्यात आधी कॅमेराच निघतो, म्हणजे गोळीही आधी तोच खातो. शिवाय एका बाजूच्या वजनाने मास्क फिरतो.

मधोमध वर लावला की दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि मार्कर चित्राच्या खालच्या भागात येतो. किंमत एवढीच की डोक्याची उंची पाच-सात सेंटिमीटरने वाढते. वाकून बसताना ही उंची लोक विसरतात आणि ‘मी तर पूर्ण लपलो होतो’ म्हणत बाद होतात. कॅमेऱ्याखाली लांब दांडीचा जोड लावू नका; सगळ्यात बुटका बेस (मास्कला लावायची बैठक) आणि सगळ्यात छोटा स्क्रू घ्या.

कोन ठरवताना सरळ उभं राहून बघू नका. खेळताना आपण पुढे झुकलेले असतो, त्यामुळे उभ्याने बरोबर वाटलेला कॅमेरा खेळात जमीनच टिपतो. गुडघे वाकवा, मार्कर खांद्याला लावा, आणि नळीचं टोक चित्राच्या खालच्या एक-तृतीयांश भागात येईल असा कॅमेरा वळवा. नेम धरताना मान कलते, म्हणून क्षितिज सरळ ठेवायची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू करा.

चिकटपट्टीचा बेस दर वेळी निघून येतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. ॲक्रिलिक फोमची ती पट्टी लावल्यावर वीस मिनिटांत निम्मीच ताकद धरते. नव्वद टक्क्यांना चोवीस तास आणि पूर्ण ताकदीला साधारण बहात्तर तास लागतात. रविवारी खेळायचं असेल तर बेस गुरुवारी सकाळी लावा. मैदानावर पोहोचून गाडीच्या बॉनेटवर ठेवून चिकटवलेला बेस पहिल्या डावात गवतात सापडेल, तेही नशीब असेल तर.

आधी साबणाच्या पाण्याने जागा धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोट लावू नका. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव वापरलंत तर प्लास्टिकच जाईल. खरखरीत कठीण प्लास्टिक असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा गुळगुळीत करा. वक्र जागेला वक्र बेस, सपाटला सपाट. सपाट बेस वक्र जागेवर दाबून बसवला की कडा सुटायला लागतात. तीस सेकंद अंगठ्याने घट्ट दाबा. मऊ रबरी मास्कवर मात्र काहीही केलं तरी टिकत नाही, तिथे पट्ट्यावरचा क्लिपचाच जोड हवा.

लावताना प्लास्टिक २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एकेरी आकड्यात जातो तेव्हा सकाळी सहाला लावलेली पट्टी धरतच नाही. मास्क आधी दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा.

कॅमेऱ्याला दोरी बांधायची तर शिवणाचा दुहेरी दोरा पुरे. मासेमारीचा नायलॉन नको. फांदीत कॅमेरा अडकला तर कॅमेरा सुटायला हवा, मास्क नाही. त्याच कारणाने दोरी गळ्यात कधीच नाही.

भाड्याचा मास्क आहे. मग?

चिकटवू नका, भोक पाडू नका, अनामत जाईल. डोक्यावर वेगळा हेडबँड मास्कच्या पट्ट्यावरून घातला तर दोन्ही एकमेकांवर सरकतात, आणि हेडबँड ओढून काढताना मास्कही वर येतो. मैदानात ते परवडणारं नाही. भाड्याच्या साहित्यावर छातीचा पट्टा हाच सरळ मार्ग.

छातीच्या पट्ट्यात अडचण काय?

दोन. पहिली, मार्कर आणि दोन्ही कोपरं चित्राचा अर्धा भाग अडवतात. त्यावर उपाय म्हणजे पट्टा वर ओढून कॅमेरा छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकाशी आणायचा, वीस-तीस अंश वर वळवायचा आणि सगळ्यात रुंद चौकट (चित्रात जास्तीत जास्त भाग मावेल अशी सेटिंग) निवडायची. बरेच जण कॅमेरा उलटा लटकवतात, तेही चालतं. फक्त चित्र आपोआप सुलटं होण्याची सोय आधी कुलूपबंद करा, नाहीतर आडवे झालात की व्हिडिओही गिरकी घेतो.

दुसरी अडचण अंगाची. पालथं पडून सरपटणार असाल तर कॅमेऱ्याचा कोपरा थेट बरगडीत जातो. पट्ट्याच्या मागे जाड फोमचा तुकडा ठेवला तरी उडी मारून पडणाऱ्यांनी छातीवर कॅमेरा लावूच नये. कॅमेरा जॅकेटच्या आतही नको, मार्करचा दस्ता त्याच्यावर घासतो आणि आवाजात दुसरं काही उरत नाही.

मार्करवर लावला तर नेम सगळ्यात छान दिसेल ना?

नेम दिसेल, खेळ दिसणार नाही. पळताना नळी खाली असते, तेव्हा माती. आडोशामागे असता, तेव्हा आडोसा. गोळ्या झाडता त्या पाच-दहा सेकंदांचंच चित्र कामाचं. दुसरा कॅमेरा म्हणून मार्कर उत्तम, एकुलता एक म्हणून नाही.

जागा निवडताना वर बघूच नका, तिथे हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा आहे. नळीच्या खाली, पुढच्या मुठीच्या पुढे रेल (जोड बसवायची खाचांची पट्टी) असेल तर तिथे लावा. पिकॅटिनी रेल सव्वाएकवीस मिलिमीटर रुंद असते. क्लॅम्प त्याच मापाचा घ्या आणि त्याचा आडवा बोल्ट खाचेत बसलाय ना ते बघा, नुसता पकडीवर राहिला तर धक्क्यांनी पुढे सरकत जातो. रेल नसेल तर सायकलच्या हँडलचा क्लॅम्प नळीवर बसतो, मात्र त्याखाली जुन्या ट्यूबच्या रबराचा एक वेढा द्या. नळीचा पुढचा भाग आटे फिरवून बसवलेला असतो. कॅमेऱ्याच्या वजनाने तो हळूहळू सैल होतो, म्हणून दर डावाआधी हाताने आवळून बघा. क्लॅम्प इतका पुढे नको की नळीच्या तोंडावर चढवायचं सुरक्षा-मोजं बसणार नाही. ते बसत नसेल तर पंच मार्कर मैदानाबाहेर ठेवायला लावतील, आणि योग्यच करतील.

चित्र जेलीसारखं थरथरतं का? भाड्याच्या यांत्रिक मार्करमध्ये आतला जड बोल्ट (दट्ट्या) दर गोळीला मागे-पुढे आदळतो, तो कंप कॅमेऱ्यात उतरतो. कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची सोय हाताच्या हेलकाव्यांसाठी आहे, या कंपासाठी नाही. क्लॅम्पमधलं रबर आणि जोडांची कमी संख्या एवढेच उपाय. इलेक्ट्रॉनिक मार्करवर हा त्रास बराच कमी.

गोळी थेट लेन्सवर बसली तर? मोबाइलची टेम्पर्ड ग्लास पुरेल?

नाही. टेम्पर्ड ग्लास ओरखड्यांपासून वाचवते. गोळीने ती फुटते आणि तिचे तुकडे लेन्सच्या काचेवर घासले जातात. ॲक्रिलिकही नको, तेही तडकतं. हवं पॉलिकार्बोनेट, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचं. एक मिलिमीटरचा पत्रा गोळीने आत दबतो आणि लेन्सला धडकतो.

शेडनेट, पॉलिहाऊस किंवा छताचे पत्रे बनवणाऱ्यांकडे सपाट पॉलिकार्बोनेटचे उरलेले तुकडे मिळू शकतात. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात प्लास्टिकच्या शेतीसामानाची दुकानं धुंडाळली तर फार फिरावं लागू नये. पोकळ नळ्यांचा पत्रा नको, भरीव आणि पारदर्शक हवा. ओळखायचं असं: कडेची बारीक पट्टी पकडीत धरून वाकवा. ॲक्रिलिक कडकन मोडेल, पॉलिकार्बोनेट नुसतं वाकेल.

वरचा संरक्षक कागद न काढता बारीक दातांच्या करवतीने सहा बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, कडा घासा, आणि कॅमेरा ज्यात बसतो त्या बाहेरच्या चौकटीपुढे बसवा. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कडेपासून अंतर दोन-तीन मिलिमीटर. अंतर वाढलं की उन्हात आतून प्रतिबिंब पडतं, कधी कॅमेऱ्यावरची अक्षरंसुद्धा चित्रात दिसतात. लेन्सभोवती काळ्या फोमची कडी लावली की तेही जातं. माइकचं भोक आणि कॅमेऱ्याची मागची बाजू मोकळी ठेवा. सगळीकडून बंद केलं तर आवाज दबतो आणि उष्णता साठते. मार सोसतो का हे बघायचं तर कॅमेरा काढून, नुसती चौकट लाकडाला बांधून पाच मीटरवरून गोळ्या मारा. मास्क घालून, अर्थात.

३६० अंशांचे, दोन्ही बाजूंना फुगीर लेन्स असलेले कॅमेरे पेंटबॉलला आणूच नका.

माझी गोळी उडताना व्हिडिओत दिसतच नाही. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे, गणितच तसं आहे. साधारण नव्वद अंश रुंदीच्या चौकटीत ४के चित्र घेतलं तर वीस मीटरवरची गोळी पावणेदोन पिक्सेलची होते; १०८०मध्ये एक पिक्सेलसुद्धा नाही. त्यात ती ८५-९० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. शटर १/६० सेकंद असेल तर तेवढ्या वेळात जवळजवळ दीड मीटर पुढे सरकते आणि चित्रात फिकट रेघ उरते. शटर १/२४० किंवा त्याहून जलद ठेवा, चौकट अरुंद करा आणि पार्श्वभूमी गडद असू द्या. पांढऱ्या आकाशावर पिवळी गोळी कुणालाच दिसत नाही.

सेटिंग काय ठेवू?

उघड्यावर ४के, सेकंदाला ६० चित्रं. छताखाली, ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात २५ किंवा ५० ठेवा आणि फ्लिकर ५० हर्ट्झवर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० किंवा ६० ठेवलं तर चित्रावर पट्टे फिरतात. कार्ड व्ही३० खूण असलेलं. १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांत भरतं. वायफाय आणि मागचा पडदा बंद. दर डाव वेगळा चित्रित करा. शोधायला सोपं जातं आणि मधल्या वेळात कॅमेरा थंड होतो.

मे महिन्यात कॅमेरा मध्येच बंद पडतो. उपाय?

भुसावळ-जळगावकडे पंचेचाळीस अंशांत माणूस सावली धरतो, कॅमेऱ्याने का धरू नये! बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४५ अंश दिलेली असते, तीही वारा लागत असताना. उभं राहून वाट बघत चालू ठेवला की तो लवकर तापतो, पळताना उशिरा.

उन्हाळ्यात खेळ सकाळी साडेसहाला सुरू करून साडेनवाच्या आत गुंडाळा. ४के ऐवजी १०८० ठेवा. काळ्या कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली तरी फरक पडतो. जादा बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको, पाण्याच्या माठाशेजारी, पण ओल्या जागी नाही. तापलेला कॅमेरा बर्फावर ठेवू नका. आत दव धरतं आणि लेन्स आतून धुरकट होते, मग दिवसभर चित्र नाही.

गोळ्यांचंही बघा. त्यांचं कवच जिलेटिनचं. उन्हात ते मऊ पडतं, गोळी अंगावर फुटत नाही, उसळते. पावसाळी दमट हवेत फुगते आणि नळीत अडकते. थंडीत कडक होऊन नळीतच फुटते. नळीत फुटलेल्या गोळीचा रंग फवाऱ्यासारखा पुढे येतो आणि मार्करवरच्या कॅमेऱ्याची लेन्स पहिल्यांदा माखतो. तेव्हा ‘समोरच्याने मारलं’ असं समजू नका.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत खेळलो तर चित्रीकरण भारी होईल का?

दिसायला भारी, पण बागेत खेळू नका. ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो, घडाला दिलेल्या टेकूवर माणूस आदळतो, लोंबणाऱ्या पानांत डोक्यावरचा कॅमेरा गुंततो. डाग घडावर पडले तर मालक काय म्हणेल हेही बघा. शिवाय गोळी सत्तर-ऐंशी मीटर सहज जाते, बांधापलीकडे निंदणीला बसलेल्या बायांच्या डोळ्यांवर मास्क नसतो. पडीक रान, चारही बाजूंना जाळी आणि ये-जा बंद, असं असेल तरच डाव मांडा. तिथे काळ्या मातीची बारीक धूळ यूएसबीच्या झाकणात बसते. झाकण उघडण्याआधी रबरी फुग्याने हवा मारा.

लेन्सवर रंग बसला. पुसू कसा?

खेळ चालू असताना पुसू नका, रंग फासला जाऊन आणखी धूसर होतं. रंग पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, पाण्यात विरघळणारा. डाव संपल्यावर मैदानाबाहेर, झाकण घट्ट लावून, बाटलीतलं पाणी सोडा. जिलेटिनचे तुकडे वाहून गेले की चष्म्याच्या कापडाने टिपा. गळ्यातल्या बागायती रुमालाने घासलं तर त्यातली माती लेपावर ओरखडे पाडते. अमोनिया असलेला काच साफ करायचा फवारा मास्कच्या काचेला आणि पॉलिकार्बोनेटला वर्ज्य.

कॅमेऱ्यावर गोळी फुटली तर मी बाद का?

हो. अंगावर किंवा जवळ बाळगलेल्या साहित्यावर गोळी फुटली की बाद, हा सर्वसाधारण नियम. कॅमेरा त्यातच आला. मैदानाचा वेगळा नियम असेल तर तो डावाआधी विचारा, वाद घालताना नाही.

वाढदिवसाला बारा पोरं येणार आहेत, कॅमेरा एकच. कुठे लावू?

जाळीच्या बाहेर, खांबाला क्लॅम्पने, छातीपेक्षा थोडा वर. जाळी खांबापाशी ताणलेली असते, मध्यभागी ती गोळीने आत-बाहेर हलते आणि मागच्या वस्तूला लागते. लेन्स जाळीच्या एका घराच्या बरोबर मागे, अगदी जवळ आणा म्हणजे धागे चित्रात येत नाहीत. पॉलिकार्बोनेटचा तुकडा इथेही लावा, कारण जाळीवर फुटलेल्या गोळीचा रंग पलीकडे उडतोच. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे राहील असा खांब निवडा; सकाळच्या खेळात पूर्वेकडचा.

डाव चालू असताना चित्रीकरण चालू आहे की नाही हे कसं कळेल?

कळणार नाही, आणि बघायला मास्क वर करायचा नाही. मैदानात शिरण्याआधी बटण दाबा, लाल दिवा मित्राला बघायला सांगा, मग पडद्याच्या स्पर्शाला कुलूप लावा. घामाने आणि रंगाने पडदा आपोआप दाबला जातो. आवाजी आज्ञा बंद ठेवा, आरडाओरड्यात कॅमेरा भलतंच ऐकतो. कॅमेरा गळून पडला तर पंचांना हाक मारा, डाव थांबेपर्यंत त्याच्यामागे वाकू नका.